अर्क आणि सोम यांचे भांडण कशावरून लागले

वरचीवाडी, पो. देवरूख
७ डिसेंबर १९५३

सौ. राहीस,

नवऱ्याने बायकोला पत्रात आशीर्वाद लिहावेत अशी रीत आहे, म्हणून लिहितो. अनेक आशीर्वाद. तुला नको असतील तर रामाला दे. मंडणगडच्या दवाखान्यात कंपाउंडरी करणाऱ्या मेव्हण्याला कोणाचे तरी आशीर्वाद लागतच असतील.

तुझे कार्ड पोचले. एवढे थोरले कार्ड आणि त्यावर एकच ओळ: 'आधी काय झालं ते लिहा, मग मी येईन.' ना खुशाली, ना सही. पोस्टमनने ते वाचून माझ्या हातात दिले आणि विचारले, "मास्तर, काय झाला व्हता आधी?" मी म्हटले, तेच तर मला ठाऊक नाही.

खरेच नाही ठाऊक. मी कादंबरी लिहिली ती वारुण नावाच्या ग्रहावरची. त्या ग्रहाला दोन सूर्य, आणि तिथे दोन राजघराणी, अर्क आणि सोम. पहिल्याच पानावर त्यांचे युद्ध ऐन भरात आहे आणि शेवटच्या पानावर सोमराजा तहाच्या मेजवानीत अर्काच्या युवराजाला विष घालतो. दोन्ही घराणी का भांडतात हे मी लिहिले नाही, कारण वाचणाऱ्याला युद्ध हवे असते. आता यात आपल्या गावातली आमचे वरचे घर आणि तुमचे खालचे घर लोकांना कुठून दिसली? गावाची निम्मी निम्मी खोती होती, तीही सरकारने काढून घेतली. भांडायला उरला तो शिमग्यातल्या पालखीचा पहिला मान. असल्या घराण्यांवर कोण कादंबरी लिहील?

सोमराजा तपकीर ओढतो म्हणून तो तुझा बाप, असे तुमचे म्हणणे. तपकीर काय लवूतात्यांनी एकट्यांनीच ओढायची? दिवाळीत आपल्या वाडीतल्या पोरांनी तात्यांना बघून "सोमराजा आला, इख आणलास काय?" अशी ओरड केली ती वाईटच झाली. पण मी हसलो हे खोटे. हसलो असेन तर तोंड फिरवून हसलो. आणि तेवढ्यावर तू ट्रंक भरलीस!

दोन्ही घरांनी तह म्हणून आपले लग्न लावले. मी तुला थट्टेने तहनामा म्हणत असे, आठवते? तहनामाच उठून माहेरच्या माणसाकडे जाऊन बसला तर राज्यांनी करावे काय?

गंमत बघ, मुंबईचे संपादकही तुझ्यासारखेच विचारतात. वाचकांची पत्रे येताहेत म्हणे, भांडण कशावरून लागले? तर आता आधीच्या काळाची दुसरी कादंबरी लिहा. आधी बारसे आणि मग लग्न, असला हा कारभार. पण तू येणार असशील तर लिहितो. घर खायला उठते आहे.

महिपत


वरचीवाडी
२८ डिसेंबर १९५३

सौ. राहीस,

खुशाली कळव. थंडी पडली आहे. तुझी घोंगडी इथेच राहिली. पाठवू का? पाठवत नाही. घोंगडीसाठी तरी ये.

चौकशीला लागलो आहे. वारुणावरचे भांडण मनाने रचायला गेलो तर काही जमेना. जे सुचे ते नाटकातले वाटे. म्हटले, आपल्या दोन घरांचे खरे भांडण कशावरून लागले ते आधी शोधावे आणि तेच आकाशात नेऊन ठेवावे. तूही तेच मागते आहेस असे मला वाटते. नसशील तर तसे लिही. मला अलीकडे तुझ्या मनातले कळेनासे झाले आहे.

भागोजीदादाला विचारले. आपल्या घरात दादाचा शब्द शेवटचा, तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात केली. तो म्हणाला, "त्यात इचारायचा काय हाय? पालखीचा पयला मान आपला. आज्याच्या वक्ताला खालच्यांनी भोयांना फितवलानी आणि पालखी वळवून सोताच्या अंगणात नेलानी. चोर ते चोर." मी विचारले, पण मग आज्याने दारातून अडवले का नाही? दादा म्हणाला, "तू शाळेत पोरांना शिकव."

जनीआत्याला विचारले. ती कणगीआड सुपात तांदूळ पाखडत होती. दादा ओटीवर खोकला तसा तिने आवाज चढवला, "बांधावरच्या फणसावरना झाला सगळा!" आणि तो आत गेल्यावर माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी म्हटले, आत्या, फणस की पालखी? तर म्हणे, "फणस खाल्लास काय कंदी दारं लावून? वास लपत नाय. पण मानसाचा लपतो." याचा अर्थ काय? तू तिच्याजवळ बसायचीस, तुला तिची भाषा कळते. मला तर माझ्या घरातली माणसेही परग्रहावरची वाटायला लागली आहेत.

तरी एक प्रकरण लिहिले, सोबत पाठवतो. वारुणावर वर्षातून एकदा प्रकाशरथ येतो. ज्या घराण्याच्या दाराशी तो आधी थांबेल त्याला वर्षभर तेज अधिक मिळते. सोम सारथ्याला फितवतात आणि रथ वळवून नेतात. पूर्वी लिहून झाले की तुला वाचून दाखवत असे आणि तू मधेच म्हणायचीस, "इथे काहीतरी लबाडी आहे." आता जनीआत्याला वाचून दाखवतो. ती झोपते.

महिपत


वरचीवाडी
२० जानेवारी १९५४

सौ. राहीस,

प्रकरण परत आले. सोबत रामाची चिठ्ठी: 'ताईने वाचले आणि ती उठून विहिरीवर गेली.' एवढेच! अरे, पण चांगले म्हणून गेली की वाईट म्हणून? कंपाउंडरला निदान लक्षणे तरी नीट लिहिता यावीत.

वाईटच असणार, असे धरून मी सगळे उलटे केले. नव्या प्रकरणात अपराध अर्काचा. अर्काचा वृद्ध राजा गर्वाने फुगून दार लावून बसतो, प्रकाशरथ दाराशी ताटकळतो आणि त्या अपमानाने वारुणावर अंधार पडतो. मला वाटले, यावर तरी राही हसेल. वाचून दाखवायला आत्याला बसवले. या खेपेला ती झोपली नाही. 'दार लावून बसतो' इथे आल्यावर तिने पदर तोंडाशी नेला. मी विचारणार तोच मागून दादाचा आवाज. तो माजघराच्या दारात केव्हापासून उभा होता कोण जाणे.

"आज्याला गर्विष्ट केलास?"

मी म्हटले, दादा, हा अर्काचा राजा आहे, दोन सूर्य असलेल्या ग्रहावरचा.

"आकाशात ऱ्हाव दे नायतर पाताळात. आपला आजा तो आपला आजा."

कादंबरीबद्दल इतके नेमके अजून कोणी मला सुनावलेले नाही. मग त्याने ठरवून टाकले, "देवीला कौल लाव. ती सांगंल चुकला कोण ते. ती सांगंल तसा लिव." मी हसलो. कादंबरीतल्या घराण्यांचा कौल? तर म्हणे, "घर बांधताना लावतो, लगीन ठरवताना लावतो. तुझा बुक काय देवीपेक्षा मोठा झाला?"

तू असतीस तर मला यातून सोडवले असतेस. आता आगीतून फुफाट्यात पडलो आहे. शाळेत मी पोरांना सूर्यमाला शिकवतो आणि परवा देवळात सोवळ्याने उभा राहून सूर्यमालेबाहेरच्या भांडणाचा कौल घेणार आहे. हे संपादकांना कळू देऊ नकोस.

तुझी फार आठवण येते. लिहिणार नव्हतो, पण लिहिले.

महिपत


वरचीवाडी
२ फेब्रुवारी १९५४

सौ. राहीस,

कौल झाला. आता मला काहीच कळत नाही आणि गावालाही कळत नाही, त्यामुळे निदान एकटेपण वाटत नाही.

सगळा गाव लोटला होता. वरच्या वाडीचे उजवीकडे, खालच्या वाडीचे डावीकडे, मधे रावजी गुरव. तात्याही आले होते, खांबाला टेकून. मी त्यांना नमस्कार केला, त्यांनी तपकिरीची डबी काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. माझ्यापुढे त्यांना आता तपकीरही ओढवत नाही. ते बघून मला कसेसेच झाले.

रावजीने देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणे घातले. "हे आई म्हाराजा! वरच्या घरातला मास्तर तुझ्या पायाशी उभा हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आकाशातल्या दोन खोतांचा भांडाण ह्यानं लिवलान हाय म्हाराजा! त्याचा मूळ त्याला गावत नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे ओरडले. कोणाला हसू आले नाही. फक्त मलाच घाम आला.

पहिला प्रश्न: अपराध सोमाचा काय? वरची वाडी श्वास धरून उभी. डावी कळी पडली. नाही. खालच्या वाडीने टाळ्या पिटल्या. दुसरा प्रश्न: मग अर्काचा काय? आता ते श्वास धरून. पुष्कळ वेळ काहीच पडेना. मग डावीच पडली. नाही!

मग दादा म्हणाला, रावजीने कळ्या ओल्या लावल्या. खालच्या घरातला कोणी म्हणाला, वरच्यांनी रावजीला फितवले. रावजी रडकुंडीला आला. एकाने तर कौल बरोबर लागला काय याचाच कौल लावा म्हणून हट्ट धरला. दोघांचाही अपराध नाही, हे कोणालाच चालत नव्हते. समोरच्याचा नसेल तर एकवेळ आपला चालेल, पण कोणाचाच नाही म्हणजे काय? इतकी वर्षे एकमेकांच्या मयताला गेलो नाही ते कशासाठी?

मीही तेच विचारतो. अपराधावाचून कादंबरी कशी लिहायची? संपादकांना काय कळवू, देवीने कथानक नामंजूर केले म्हणून? मी या गोष्टी मानत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी त्या दोन डाव्या कळ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

गर्दी पांगताना तात्या माझ्याजवळून गेले. थांबले नाहीत. चालता चालता म्हणाले, "येवन जा एकदा. मागल्या वाटेन."

जाऊ का? लग्नानंतर मी एकदाही एकटा तुमच्या अंगणात पाऊल टाकलेले नाही. सांग, जाऊ का?

महिपत


वरचीवाडी
१५ फेब्रुवारी १९५४

राही,

तुझ्या उत्तराची वाट बघितली नाही. गेलो.

तात्या गोठ्याजवळ बसले होते. मला वाटले, आता सोमराजा युवराजाचा हिशेब चुकता करणार. त्यांनी पाट दिला, ताक दिले. मी ताकाकडे बघितले तसे ते हसले, "पी रे. इख नाय घातला." मला रडूच यायचे बाकी होते.

मग त्यांनी सांगितले. ते सांगत होते तसेच लिहितो, तू ताडून बघ.

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाने गावोगाव माणसे गेली, त्यानंतरच्या शिमग्यातली ही गोष्ट. पालखी वाजतगाजत आपल्या दाराशी आली आणि दार बंद. आत माझी आजी आणि जनीआत्या तापाने पडलेल्या. आज्याने दार उघडले असते तर भोई, मानकरी, अर्धा गाव माजघरापर्यंत आला असता आणि ताप घेऊन गेला असता. पण खोताच्या घरात ताप आहे असे ओरडून सांगितले असते तर लोक पालखी तिथेच टाकून पळाले असते. देवी भुईला लागली असती. म्हणून तो दाराला पाठ लावून आत उभा राहिला. बोलला नाही.

तुझ्या पणज्याने बघितले, वरच्या घराच्या कौलांतून सकाळपासून धूर नाही. तो काय ते समजला. लोक कुजबुजायला लागले तसा तो पुढे झाला आणि छाती काढून ओरडला, "ह्या साली पयला मान आमचा! वळवा पालखी!" लोकांना वाटले, हा चोरी करतो आहे. त्यांना तसे वाटावे हीच त्याची इच्छा. चोरीवर गाव तुटून पडले आणि बंद दाराकडे कोणी बघितले नाही.

तात्या आपल्या आईबद्दल म्हणाले, "आमच्या आवशीन त्या दिसापासना पेज करून मागल्या दारान धाडलान तुमच्याकडं. जनीनं ती पिलान हाय. इचार तिला."

आजी गेली, आत्या वाचली. आज्याला ताप धरला आणि तोही गेला. तुझा पणजा पुढच्या पावसाळ्यात गेला. तोवर त्याला लोक तोंडावर पालखीचोर म्हणत होते. मेलेल्या शेजाऱ्याच्या घरातला ताप तो आता कशाला सांगेल? पुढच्या शिमग्याला, आदल्या साली गावात नसलेल्या आमच्या बापाने मान परत मागितला आणि तुमच्या आज्याने दिला नाही. पुरुषांना एवढेच ठाऊक. बायकांना पेज ठाऊक होती. त्यांना कोणी विचारले नाही.

घरी येऊन आत्याजवळ बसलो. म्हटले, आत्या, पेज कसली होती? तिने सूप खाली ठेवले. "नाचणीची," म्हणाली, "वर मिठाचा खडा." आणि मग ती लहान पोरीसारखी रडली. म्हणाली, आमच्या बापाने तिला लहानपणीच दटावून ठेवले होते, चोरांच्या घरचे खाल्लेस म्हणून कुठे बोलू नकोस.

म्हणजे त्या डाव्या कळ्या! जाऊ दे. त्यावर विचार केला की डोके भणभणते.

एक सांग. निघताना तात्या म्हणाले, "राहीला तिच्या आवशीन सांगितलेला हाय ह्या." तुला सगळे ठाऊक होते! मी इतके दिवस फणस आणि पालखी आणि कळ्या करत गावभर वेडा झालो, आणि तुला ठाऊक होते! मग एका ओळीऐवजी चार ओळी लिहायला तुझे काय जात होते? मला राग आला आहे. फार राग आला आहे. पण कोणावर, ते नीट ठरत नाही.

महिपत


देवरूख, एस. टी. स्टँडजवळ
४ मार्च १९५४

राही,

तुझे दुसरे कार्ड मिळाले. 'मी सांगितलं असतं तर ते खालच्या घराचं झालं असतं.' पुन्हा एकच ओळ, पण या खेपेला ती पोस्टमनला कळली नाही आणि मला कळली. राग गेला. लेखक मी आणि नेमके वाक्य तुझे, हे आपल्या घरात पहिल्यापासूनच आहे.

कादंबरीचे ते प्रकरण लिहिले. वारुणावर प्रकाशरथ येतो, अर्काच्या महालात रोग आहे, वृद्ध राजा दार उघडत नाही. सोमराजा ओळखतो आणि चोराचे नाव स्वतःवर घेऊन रथ वळवतो. आणि मागल्या दाराने एक बाई पेज घेऊन जाते. दोन सूर्यांच्या ग्रहावर नाचणी कुठली, असे संपादक विचारतील. विचारू देत.

लपवण्यासारखे काही नव्हते, म्हणून छापायला पाठवण्याआधी देवळात दोन्ही घरांना बसवून वाचून दाखवले. मला वाटले, आता रडतील, गळ्यात गळे घालतील. मी किती खुळा आहे बघ. वाचून झाले. मग दादा म्हणाला, "म्हंजे आपुन चोरांचे उपकार घेतले?" आणि तुमच्याकडचे चुलते म्हणाले, "म्हंजे पयला मान आमचा कंदीच नव्हता? दया म्हणून घेतलेला?" माझी कादंबरी खरी असेल तर एकाचा राग जातो आणि दुसऱ्याचा मान जातो. तात्या एकटे माझ्या बाजूने बोलले, तर त्यांच्याच पुतण्याने त्यांना खाली बसवले.

मग जे झाले ते मी कादंबरीत लिहिले असते तर तू म्हणाली असतीस, इथे लबाडी आहे. दादा उठून खालच्या वाडीच्या बाजूला जाऊन बसला. तुझ्या चुलत्याने त्याला विडी दिली. पस्तीस वर्षांनी वरचे घर आणि खालचे घर एका विचाराचे झाले: हे बुक छापायचे नाही. पुन्हा कौल लावायचीही गरज त्यांना वाटली नाही. दोन्ही घराण्यांचा तह झाला, राही, माझ्याविरुद्ध झाला! मी तिथे उभा राहून बघत होतो आणि हसावे की रडावे मला कळत नव्हते. अजूनही कळत नाही.

घरी दादाने विचारले, "बुक का घर?" साधा प्रश्न. मी घर म्हणालो असतो तर तू कधीच आली नसतीस आणि मीही त्या घरात राहिलो नसतो, नुसता राहतो आहे असे वाटले असते. म्हणून काल हस्तलिखित रजिस्टरने मुंबईला धाडले आणि पावती दादाच्या हातात दिली. त्याने ती वाचली नाही. आत्याने माझी पिशवी भरली. दादा ओटीवर बसून होता, मी पाया पडलो तर त्याने पाय मागे घेतले. तो माझा थोरला भाऊ आहे. मला फार वाईट वाटले.

शाळेचा राजीनामा दिलेला नाही, रजा टाकली आहे. गाडीला अजून वेळ आहे, म्हणून हे पत्र. कदाचित पत्राआधी मीच पोचेन. तसे झाले तर मी दारात उभा असताना तू हे वाचू नकोस.

तू लिहिले होतेस, आधी काय झाले ते लिहा, मग मी येईन. लिहिले. पण आता तू येऊ नकोस. तुला आणायला माझ्याकडे घर राहिलेले नाही. तुझी घोंगडी तेवढी पिशवीत आहे आणि ती घेऊन मीच येतो आहे. रामाला विचारून ठेव, मंडणगडाकडे कुठे मास्तर हवा आहे का. नको असेल तर गुरे राखीन. आणि मला घरात घ्यायचे की नाही हे मात्र त्याला विचारू नकोस, ते तू ठरव. मी अर्काचा म्हणून येत नाही, तुझ्या माहेरचे उपकार फेडायलाही येत नाही. मला तुझ्यावाचून राहवत नाही, म्हणून येतो आहे. एवढे एक मला या सगळ्यात स्वच्छ कळले.

तुझा
महिपत